तंगुसाची वंशावळ

संक्रांतीच्या आगेमागे नागपुरात दुचाकीवरची माणसं गळ्याला मफलर गुंडाळून फिरतात, आणि त्याचं कारण दरवेळी थंडीच असतं असं नाही. नायलॉन मांजानं गळा चिरल्याच्या बातम्या जानेवारीत येतातच. राष्ट्रीय हरित लवादानं जुलै २०१७ मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं प्रशासनाला पुन्हा पुन्हा फैलावर घेतलं, तरी सेमिनरी हिल्सवरच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये पंख कापलेले पक्षी यायचे थांबत नाहीत. आपण या मांजाला चिनी म्हणतो आणि मोकळे होतो. पण त्याचं कूळ चिनी नाही आणि पतंगाचंही नाही. हा मुळात पाण्यातला धागा. आभाळात तो अलीकडे चढला. मासे धरणाऱ्यांच्या हातात तंगूस या नावानं तो त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

खापरखेडा म्हटलं की नागपूरकराच्या डोळ्यांपुढे चिमण्या, कोळसा आणि राख उभी राहते. १३४० मेगावॉटचं वीज केंद्र, भोवती वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, वारेगाव-नांदगावकडचे राखेचे तलाव, आणि या सगळ्यातून वाट काढणाऱ्या कोलार आणि कन्हान. नदी आहे म्हणून मासे आहेत आणि मासे आहेत म्हणून ढिवर. कन्हान पुढे भंडाऱ्याकडे वैनगंगेला मिळते, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि हे पाणी आंध्रात बंगालच्या उपसागराला लागतं. या सबंध वाटेवर गोड्या पाण्यात पॉरपॉइज हा डॉल्फिनसारखा प्राणी कुठेही नाही. तो आहे समुद्रात, गोदावरी जिथे संपते तिथून पुढे, आणि इकडे आपल्या कोकण किनाऱ्यावर. तरी त्याच्या मरणाचा माग खापरखेड्यातून काढता येतो, कारण तो ज्या वस्तूनं मरतो ती इथेही तितकीच घरातली आहे. कन्हानच्या काठावर सुकत टाकलेलं तंगुसाचं जाळं आणि पालघरच्या समुद्रात सोडलेलं जाळं एकाच बापाची लेकरं आहेत.

आधी मरणाऱ्याची ओळख करून घेऊ. पॉरपॉइज हा डॉल्फिनचा चुलतभाऊ, पण घराण्याची ऐट त्याच्यात नाही. भारताच्या किनाऱ्यावर त्याची एकच जात सापडते, नियोफोकेना फोकेनॉइडिस. डॉल्फिन लांबून ओळखायचा तो पाठीवरच्या परावरून. याच्या पाठीवर परच नाही, त्या जागी बारीक दाण्यांची एक पट्टी. चोच नाही, डोकं वाटोळं, रंग राखाडी, लांबी दीड-पावणेदोन मीटर. राहतो पन्नास मीटरपेक्षा उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी. म्हणजे नेमका तिथे, जिथे सगळ्यांत जास्त जाळी पडतात. एकटा किंवा जोडीनं फिरतो. होडीजवळ येत नाही, उड्या मारत नाही. तारकर्ली-देवबागला पर्यटक डॉल्फिन पाहायला पैसे मोजून होडीत बसतात. पॉरपॉइज दाखवतो असं कोणी होडीवाला सांगत नाही.

शास्त्रज्ञांनीही त्याच्याकडे फार लक्ष दिलं असं दिसत नाही. फ्रान्सच्या जॉर्ज क्युव्हिएनं १८२९ साली एका कवटीवरून त्याला शास्त्रीय नाव दिलं. कवटी आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होपची अशी नोंद झाली. पण त्या टोकाला हा प्राणी राहतच नाही; कवटी मलबार किनाऱ्यावरची असावी, असं पुढच्या अभ्यासकांचं मत पडलं. १८८४ साली कराचीच्या जेम्स मरे यांनी त्यालाच वेगळी जात समजून कराचीचं नाव चिकटवलं. ओळखपत्रावरचा पत्ताच चुकलेला प्राणी आहे हा. आज आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेला आहे. मादीला सुमारे अकरा महिन्यांनी एकच पिल्लू होतं आणि पुढचं व्हायला दोनेक वर्षं जातात. माशांसारखी लाखोंनी अंडी घालून तूट भरून काढायची सोय सस्तन प्राण्याला नसते.

आता जाळ्याकडे वळू. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड काढले. नागपूर तेव्हा त्या प्रांताची राजधानी होतं. त्यात ढीमरांवर, म्हणजे आपल्याकडच्या ढिवरांच्या बिरादरीवर, मोठं टिपण आहे. पोटजातींची नावं वाचली तर अख्खा धंदा कळतो: शिंगाडे पिकवणारे सिंगारिया, झिंगे धरणारे झिंगा, गळानं मासे मारणारे बन्सिया, आणि सण-वाखाचे दोर वळणारे बंधैया. मासे धरणं आणि धागा करणं ही कामं एकाच समाजाच्या अंगणात चालत होती. जाळं विकत आणायची वस्तू नव्हती. सण शेतात पेरायचा, कापून पाण्यात कुजवायचा, झोडपून वाख काढायचा, टकळीवर सूत काढायचं आणि मग गाठी मारत बसायचं. एक जाळं म्हणजे घरातल्या सगळ्यांचे कित्येक महिने.

किनाऱ्यावर यापेक्षा वेगळं नव्हतं. तिथे सणाच्या जोडीला सुती धागा, आणि खाऱ्या पाण्यात तो कुजू नये म्हणून ऐनाच्या सालीचा काढा. मोठ्या भांड्यात साल उकळायची, जाळं त्यात बुडवायचं, तांबडंकाळं झालं की सुकवायचं, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. ब्रिटनचे कोळी याच कामाला कात वापरत. खैराचा तो कात आपल्याकडून आणि ब्रह्मदेशातून जहाजानं तिकडे जाई. विड्यात पडणारी वस्तू उत्तर समुद्रातल्या जाळ्यांचं आयुष्य वाढवत होती, हे वाचून मला गंमत वाटली होती.

या जाळ्याचे दोष कोळ्याला तोंडपाठ होते. भिजलं की जड होतं, म्हणून लांबी बेताची ठेवावी लागते. धागा जाड आणि गडद, स्वच्छ पाण्यात माशाला दिसतो. आणि रोज किनाऱ्यावर आणून सुकवलं नाही तर आठवड्यातच कुजायला लागतं. शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याही मच्छीमार गावात वाळूवर नाहीतर काठ्यांवर पसरलेली जाळी दिसायची ती शोभेसाठी नव्हे. जाळं जितका वेळ काठावर पडून असे तितका वेळ ते पाण्यात नसे. पॉरपॉइजला, कासवाला, कन्हानच्या पात्रातल्या पाणमांजराला याच दोषांचा आडोसा होता. तो कोणी ठरवून दिलेला नव्हता. सणाचं जाळंही सोवळं नव्हतं. त्यातही जीव अडकत आणि बुडत. पण त्याची लांबी, त्याचा पाण्यातला वेळ आणि त्याचं आयुष्य, तिन्हीला मर्यादा होती, आणि ती मर्यादा कायद्यानं नव्हे तर वाखानं घातलेली होती.

ती मर्यादा मोडली एका प्रयोगशाळेत. अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या गटानं २८ फेब्रुवारी १९३५ रोजी पहिल्यांदा नायलॉन तयार केलं. कॅरोदर्सनं ते बाजारात आलेलं पाहिलं नाही. नैराश्यानं ग्रासलेल्या या माणसानं एप्रिल १९३७ मध्ये जीव दिला. नायलॉनची पहिली वस्तू विकायला आली १९३८ साली, आणि ती होती दात घासायचा ब्रश. बायकांचे पायमोजे मागून, १९४० साली आले आणि नाव त्यांचं झालं. पण आपल्या गोष्टीला ब्रशच महत्त्वाचा. मोज्याचा धागा अनेक तंतूंचा. ब्रशचा केस मात्र एकच सलग, पारदर्शक, ताठ तंतू. तंगुसाचा खरा पूर्वज तो केस. जर्मनीत पॉल श्लाक यांनी १९३८ मध्येच थोड्या वेगळ्या वाटेनं नायलॉन-६ काढलं, आणि आज जाळ्यांत वापरलं जातं ते बहुतेक हेच. मग महायुद्ध आलं, नायलॉन हवाई छत्र्यांत आणि दोरांत गेलं, आणि युद्ध संपल्यावर या नव्या धाग्यासाठी गिऱ्हाईक शोधायची वेळ आली. जपानमध्ये तोयो रेयॉन कंपनीनं आपलं नायलॉन अमिलान या नावानं मासेमारीच्या जाळ्यांसाठी पुढे आणलं. हरलेल्या, उपाशी देशाला समुद्रातून अन्न हवं होतं. जाळ्यांच्या इतिहासात कोणाचा डाव नाही, हे इथेच सांगून टाकतो.

भारतात हा धागा विकासाच्या गाडीत बसून आला. १९५२ साली भारत आणि नॉर्वे यांच्यात करार झाला आणि केरळात नीण्डकरा इथे यांत्रिक होड्यांचा, नव्या जाळ्यांचा, बर्फाच्या कारखान्यांचा प्रकल्प सुरू झाला. १९५७ मध्ये कोचीनला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. कृत्रिम धाग्यांची जाळी तपासणं आणि त्यांचा प्रसार करणं हे तिच्या आरंभीच्या कामांपैकी एक. महाराष्ट्रात नायलॉनच्या धंद्यात उतरले ते तासगावचे आबासाहेब गरवारे. पुढे १९७६ साली गरवारे-वॉल रोप्स ही कंपनी निघाली, दोरखंडं आणि मासेमारीची जाळी करणारी. तिचा एक कारखाना कृष्णाकाठच्या वाईला आहे. समुद्रापासून घाटाआड असलेल्या गावात समुद्रासाठी जाळी होतात, तिथे खापरखेड्याबद्दल आश्चर्य ते काय?

कोळ्यांनी हे जाळं घेतलं ते कोणी भरीला घातलं म्हणून नव्हे. धागा भिजून जड होत नाही, कुजत नाही, साल उकळायला नको, लाकडं नकोत, सुकवण्यात दिवस जात नाही. आणि मासा जास्त मिळतो. अमेरिकेत सुपीरियर सरोवरातल्या ट्राउट माशावरचा १९६२ सालचा अभ्यास सांगतो की सुती जाळ्याच्या तुलनेत नायलॉनचं जाळं सव्वादोनपट मासा धरतं. घरात टकळी फिरवणाऱ्या बाईला विचारलं असतं तर तिनं हा आकडा न ऐकताच होकार दिला असता. विदर्भातल्या नद्यांवर आणि मालगुजारी तलावांवरही हेच झालं. सणाची पेर मागे पडली, वाख काढणारे हात दुसरीकडे गेले, आणि धागा दुकानात गेला. कितीचा आस, म्हणजे जाळ्याचा डोळा केवढा, किती लांबी, किती किलो, एवढंच बोलायचं उरलं.

सुरुवातीची नायलॉन जाळी पिळाच्या धाग्याची होती, तरी थोडी दिसायची. मग एकेरी तंतूची आली. खरी तंगुसाची जाळी ती. तिची करामत कळायला पॉरपॉइजच्या कानानं पाण्याकडे पाहावं लागतं. हा प्राणी गढूळ पाण्यात डोळ्यांवर विसंबत नाही. तो बारीक टकटक सोडतो आणि प्रतिध्वनीवरून जग ओळखतो. त्याची टकटक सव्वा ते दीड लाख हर्ट्झच्या घरातली, माणसाचा कान वीस हजाराला संपतो. पाण्यात अशा आवाजाची लहर सुमारे एक सेंटीमीटर लांबीची असते. तंगुसाचा धागा अर्धा मिलीमीटर किंवा त्याहून बारीक. लहरीपेक्षा इतक्या लहान वस्तूवरून प्रतिध्वनी येतो तो नावापुरता. त्यातून नायलॉनची घनता पाण्याहून थोडीशीच जास्त, म्हणजे आवाजाला ते जवळजवळ पाण्यासारखंच. पॉरपॉइजला जाळं कळतं तेव्हा ते अगदी तोंडाशी आलेलं असतं, आणि समोर मासा असेल तर लक्ष माशावर असतं, हेही आहेच. माशाच्या डोळ्याला चुकवायला केलेला धागा पॉरपॉइजच्या कानालाही चुकवतो. कल्ल्यांशी अडकणाऱ्या माशासाठी ठरवलेल्या आसात त्याचा पर किंवा शेपटी गुंतते. श्वास घ्यायला वर यायचं असतं. काही मिनिटं, बस.

आकडे मोठे आहेत. १९९०च्या दशकातल्या नोंदींवरून केलेल्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी तीन लाखांवर डॉल्फिन, पॉरपॉइज आणि व्हेल जाळ्यांत मरत होते. हिंदी महासागरातल्या टुनाच्या तरंगत्या जाळ्यांचा हिशेब २०२० साली प्रसिद्ध झाला: १९५० ते २०१८ या काळात सुमारे ४१ लाख लहान व्हेलवर्गीय प्राणी. त्यात डॉल्फिनच बहुसंख्य, पण जाळं तेच. हा काळ आणि नायलॉनचा काळ जवळजवळ एकच आहे. संयुक्त राष्ट्रांनी खुल्या समुद्रातल्या अजस्र तरंगत्या जाळ्यांवर १९९२च्या अखेरीपासून स्थगिती आणली; किनाऱ्याजवळची जाळी त्यात येत नाहीत, आणि आपला पॉरपॉइज किनारा सोडून जात नाही.

या वंशावळीतल्या दोन फांद्या इथे सांगायलाच हव्यात. मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातातला व्हाकिटा हा जगातला सर्वांत लहान पॉरपॉइज. शास्त्राला तो कळला १९५८ मध्ये, तोही कवट्यांवरून. १९९७ साली ते साडेपाचशेच्या वर होते. २०१८-१९पर्यंत दहाच्या आसपास उरले. त्यांना कोणी मारायला निघालेलं नव्हतं. तिथे तोतोआबा नावाचा मासा आहे, त्याच्या वाताशयाला चीनमध्ये सोन्याचा भाव आणि त्याच्यासाठी लावलेल्या जाळ्याचा आस व्हाकिटाच्या डोक्याएवढा. बंदी आली, आरमार आलं, २०१७ मध्ये उरलेले व्हाकिटा पकडून सुरक्षित ठेवायचाही प्रयत्न झाला. पकडलेली मादी ताणानं मेली आणि तो प्रयत्न तिथेच सोडून दिला गेला. समुद्रात तस्करी आणि किनाऱ्यावर गरिबी असली की कागदावरच्या बंदीचं काय होतं, त्याचा हा नमुना.

दुसरी फांदी नदीतली, म्हणून खापरखेड्याच्या वाचकाला जवळची वाटावी. चीनच्या यांगत्से नदीत आपल्या पॉरपॉइजचा सख्खा नातलग राहतो. त्याच नदीतला बायजी डॉल्फिन २००६ च्या सहा आठवड्यांच्या शोधात एकदाही दिसला नाही. पॉरपॉइजही त्याच वाटेनं निघाला होता: २०१७च्या मोजणीत १०१२. चीननं १ जानेवारी २०२१ पासून यांगत्सेत दहा वर्षं मासेमारीच बंद केली, दोन लाखांवर मच्छीमारांना दुसऱ्या कामाला लावलं. २०२२च्या मोजणीत संख्या १२४९ झाली. आकडा वाढला हे खरं, आणि एवढ्या लोकांना पाण्यातून उठवायची ताकद आणि निर्दयता दोन्ही असलेल्या सरकारनंच ते करावं हेही खरं. कन्हानवरच्या चार ढिवरांना उठवून राखेचं पाणी तसंच वाहत ठेवणं, असं त्याचं देशी रूप होईल अशी मला भीती वाटते.

महाराष्ट्रात परत येऊ. पालघरच्या सातपाटीचा पापलेट प्रसिद्ध. २०२३ साली रुपेरी पापलेटला राज्यमासा म्हणून मान मिळाला. तो धरायचा मुख्य सरंजाम म्हणजे दालदा, पाण्यात भिंतीसारखी उभी राहणारी जाळी. डोलसारखी पिशवीची जाळी बोंबलासाठी, दालदा पापलेटासाठी. पॉरपॉइजचं पाणी आणि दालद्याचं पाणी एकच. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत किनाऱ्याला मेलेले पॉरपॉइज लागतात, काहींच्या अंगावर जाळ्याचे वळ असतात. पण कोणत्या जाळ्यात, कुठे, किती, याची नोंद जवळजवळ होत नाही, आणि त्याचं कारण कायद्यातच आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तो आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मेलेला पॉरपॉइज बंदरावर आणणं म्हणजे चौकशीला आमंत्रण. मग कोळी करतो ते शहाणा माणूस करील तेच: सोडवतो आणि लाटांवर देतो. ज्या कायद्यानं प्राण्याला मोठेपण दिलं त्यानंच त्याच्या मरणाचा पुरावा समुद्रात टाकायला लावला.

या भीतीवर महाराष्ट्रानं एक उतारा काढला, आणि त्याचीही वंशावळ आहे. गुजरातमध्ये व्हेल शार्क २००१ साली संरक्षित झाला. तोवर त्याची शिकार चालायची. २००४ मध्ये मोरारी बापूंनी त्याला माहेरी आलेली लेक म्हटलं, आणि वनखातं व संस्थांनी मिळून जाळं कापून त्याला सोडणाऱ्या कोळ्याला भरपाई द्यायला सुरुवात केली. तीच कल्पना २०१८ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्रात शासन निर्णय होऊन आली: संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात सापडला, जाळं कापून सोडला, छायाचित्र किंवा व्हिडिओ दाखवला, की जाळ्याच्या नुकसानीचे पंचवीस हजार रुपयांपर्यंत. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून हे चालवतात. कासवं सुटली, व्हेल शार्क सुटले. कोळ्याला आरोपीच्या पिंजऱ्यातून काढून साक्षीदार केलं, हे या योजनेचं मोठं काम, आणि माझ्या मते किनाऱ्यावरच्या कुठल्याही फलकबाजीपेक्षा मोठं.

पण पॉरपॉइजसाठी ती जवळजवळ निरुपयोगी आहे. कासव बराच वेळ दम धरतं. व्हेल शार्क तर मासाच, त्याला वर येऊन श्वास घ्यायचा नसतो. जाळं ओढेपर्यंत दोघांनाही वाचायची संधी असते. पॉरपॉइजला नसते. दालदा रात्री सोडतात, तासांनी ओढतात. वर येतो तो मेलेलाच, आणि मेलेल्याला सोडल्याची भरपाई नाही. जाळं कापून पॉरपॉइज वाचत नाही. तो वाचायचा तर जाळं टाकण्याच्या आधी वाचायला हवा, म्हणजे धाग्यातच काहीतरी बदलायला हवं.

त्याचे प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेच्या मेन आखातात जाळ्यांना आवाज करणारी छोटी यंत्रं बांधून पाहिली. १९९७ साली ‘नेचर’मध्ये आलेला निकाल असा: साध्या जाळ्यांत २५ पॉरपॉइज, आवाजाच्या जाळ्यांत २, आणि जाळ्यांची संख्या जवळपास सारखी. मग अडचणी पुढे आल्या. यंत्र महाग, बॅटऱ्या संपतात, लांब जाळ्याला ठरावीक अंतरानं डझनांनी लावावी लागतात, आणि प्राणी आवाजाला सरावतात किंवा त्या भागातूनच हुसकले जातात. दुसरी वाट धाग्यात जड भुकटी मिसळून तो आवाजाला जाड करायची. निकाल कधी बरे, कधी नाहीत. तिसरी जर्मन संशोधकांची: जाळ्यावर ॲक्रिलिकचे बारीक मणी ओवायचे. मण्याचा आकार असा हिशेबानं ठरवायचा की पॉरपॉइजच्या टकटकीला तो घुमावा आणि जाळं भिंतीसारखं ऐकू यावं. माशाला फरक पडू नये. काळ्या समुद्रात त्याच्या चाचण्या झाल्या. मणी ओवायचं काम मात्र वेळखाऊ, हातानं करायचं. जाळं पुन्हा घरातल्या हातांकडे येतं की काय, असा विचार मनात येऊन गेला.

पैसा कोण घालणार, हा प्रश्न उरतो, आणि तो आता दिल्लीच्या टेबलावरही आहे. जाळ्यात कासवासाठी सुटकेचं दार नाही म्हणून अमेरिकेनं २०१९ पासून आपल्या समुद्रातली कोळंबी नाकारली. सागरी सस्तन प्राण्यांसाठीचा त्यांचा नियम २०१६ मध्ये झाला, पुन्हा पुन्हा पुढे ढकलला गेला आणि १ जानेवारी २०२६ पासून अंमलात आला: निर्यात करणाऱ्या देशानं दाखवायचं की त्याच्या मासेमारीत किती डॉल्फिन-पॉरपॉइज मरतात आणि ते कमी करायला काय केलं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था त्यासाठी समुद्रात मोजण्या करते आहे. इतकी वर्षं ज्याला कोणी मोजलं नाही त्याची मोजणी कोळंबीच्या भावानं सुरू झाली. मला त्यात वाईट काही वाटत नाही.

इकडे मत्स्यव्यवसाय विभागाची एक जुनी योजना आहे, मासेमारी साधनांच्या खरेदीवर अर्थसहाय्य. नायलॉनचं सूत आणि तयार जाळी तिच्यात बसतात, आणि ती समुद्रापुरती नाही. तलावावरच्या, नदीवरच्या सहकारी संस्थांच्या सभासदांनाही ती लागू आहे, नागपूर जिल्ह्यातल्याही. म्हणजे धागा घेताना शासन मदत करतं आणि तोच धागा कापला की भरपाई देतं. एक पैसा एका फाइलमधून, दुसरा दुसऱ्या फाइलमधून. धाग्याची जाडी, जाळ्याची लांबी, ते किती तासांनी उचलायचं, यातलं काहीही पहिल्या फाइलमध्ये विचारलं जात नाही. जून-जुलैच्या बंदीत होड्या किनाऱ्यावर असतात, फाटलेली जाळी उसवली जातात, नवी जोडली जातात. सातपाटीत काय आणि कन्हानच्या काठी काय, पावसाळ्यात दुकानदार तोच प्रश्न विचारतो: कितीचा देऊ? अनुदानाचा अर्ज भरून घेणाऱ्या कारकुनाला त्याच आठवड्यात आणखी दोन प्रश्न विचारायला सांगता येतील, आणि मणी ओवलेल्या किंवा यंत्र लावलेल्या जाळ्याला जास्त टक्के द्यायला वित्त विभागाची एक सही लागेल.